दरफाळणीच्या आधीची घरसफाई, चिकाचा हलवा आणि यंदाचा दसरा: मदत हवीये

ठाणेकरीण | ८ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे बेने इस्रायली (म्हणजे आपले कोकणातले यहुदी) किती जण आहेत माहीत नाही, पण सणावाराचे धागे इथेच नीट चालतात म्हणून इथेच विचारते. यंदा पहिल्यांदा सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आलंय. सासूबाई इस्राएलमधे अश्दोदला नणंदेच्या बाळंतपणाला गेल्यात आणि हनुका (डिसेंबरातला आमचा सण) होईपर्यंत काही येत नाहीत. आतापर्यंत मी म्हणजे नारळ खोव, भांडी पूस, एवढीच. डोकं त्यांचं चालायचं.

२२ सप्टेंबरला सोमवारी संध्याकाळी नव्याचा सण (आमचं नवं वर्ष) चालू, मंगळ बुध दोन दिवस. मग १ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून दरफाळणी, ती २ तारखेला रात्री सुटणार, आणि ६ ला संध्याकाळी सुक्कोत, म्हणजे झोपड्यांचा सण. म्हणजे पंधरा दिवसांत तीन मोठे सण आणि घराची अवस्था अशी की हॉलच्या भिंतीला पावसाने पोपडे आलेत, माळ्यावर गेल्या वर्षीच्या झावळ्यांचा भुगा अजून आहे (खरंच), आणि चिकाचा हलवा मी आयुष्यात एकटीने केलेला नाही.

विचारायचंय ते असं की रंगाला माणूस कधी बोलवू, हलव्याला गहू कधी भिजवू, आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे २ ऑक्टोबरला दसरा आलाय. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातली तीन सोनं द्यायला येणारी. आणि आमचं तर त्या दिवशी दार बंद!! काय करू?

मीराबाईची_माडी | ८ सप्टेंबर

मी बेने इस्रायली नाही पण धागा इंटरेस्टिंग आहे म्हणून बसले. दार बंद म्हणजे नक्की काय? आणि दरफाळणी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला, मराठी आहे?

ठाणेकरीण | ८ सप्टेंबर

अगदी मराठी. बाहेरचे ज्याला योम किप्पूर म्हणतात ना तो. आमच्याकडे सगळ्याच सणांना गावची नावं आहेत, रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण कारण तो होळीच्या आसपास येतो, दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दरफाळणी म्हणजे दार लावून घ्यायचं. सूर्य मावळायच्या आधी अंघोळी करून पांढरे कपडे घालून घरातले सगळे आत, आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत खाणं नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, कातड्याची चप्पल नाही. जुन्या काळी गावात बाहेरच्या कुणाला शिवायचं पण नाही, बोलायचं पण नाही असं होतं. आता आम्ही सिनेगॉगला जातो त्यामुळे दार अक्षरशः बंद नसतं, पण घरी कुणाला बोलवत नाही आणि कुणाकडे जात नाही.

चौलचा_काका | ९ सप्टेंबर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोप्पं आहे. पेंटर आत्ताच्या आत्ता बोलवा. कालपासून पितृपंधरवडा लागलाय, या दिवसांत कुणी घराला रंग काढत नाही, सगळे रंगारी मोकळे बसलेत आणि भाव पण करतात. घटस्थापना २२ लाच आहे, तिथून दिवाळीपर्यंत माणूस मिळणार नाही आणि मिळाला तर मेहेरबानी करतोय असा चेहरा. आमच्या वडिलांचं दरवर्षीचं गणित हेच, लोकांचा पितृपक्ष तो आपला रंगपक्ष.

आमच्या लहानपणी रंग कसला, चुना. कळशीत चुन्याचे खडे विरवून ठेवायचे, त्यात थोडी नीळ आणि चिमूटभर मीठ, आणि केरसुणीसारख्या कुंच्याने भिंती मारायच्या. जमीन शेणाने सारवायची. ओटीपासून न्हाणीपर्यंत सगळं पांढरंशुभ्र, कारण दरफाळणीला माणसं पांढऱ्यात आणि घर पण पांढऱ्यात. आजी म्हणायची त्या रात्री पितर घरी येतात आणि शिळ्या सणाला पहाटे जातात, त्यांना जळमटं दिसता कामा नयेत. आता शेजारच्या कुळवाड्याकडे त्याच दिवसांत कावळ्याला पान वाढतायत आणि आमच्याकडे ही गोष्ट, कोण कुणाकडून शिकलं देव जाणे.

रंगाच्या आधी दारावरची मेझुझा (चौकटीला लावलेली पवित्र मजकुराची डबी) काढून ठेवा. विसरू नका.

ठाणेकरीण | ९ सप्टेंबर

काका थँक्यू. उद्या माणूस बघायला येतोय.

दिमोनावाली | ९ सप्टेंबर

ठाणेकरीण मी तुझ्यासाठी हलव्याचं लिहिते पण आधी सांग, चिकाचाच करायचाय ना? कारण इथे इस्राएलमधे आता निम्म्या बायका चायना ग्रास उकळून नारळाच्या दुधात घालतात नि गुलाबी रंग टाकून त्याला हलवा म्हणतात. दिसतो तसाच. अर्ध्या तासात होतो. पण तो दातात कुरकुर तुटतो, चिकाचा हलवा ओढला की थोडा येतो आणि मग सुटतो. फरक आहे.

आता गणित ऐक. गहू तीन दिवस भिजायला हवेत, रोज पाणी बदलून. मग वाटून, फडक्यातून पिळून, ते पांढरं पाणी रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं, तळाला बसलेला तो चीक. सण सोमवारी रात्री आहे म्हणून तू शुक्रवारी गहू भिजवशील तर फसशील, मधे शनिवार येतोय, शब्बाथला काय वाटणार आहेस? म्हणून रविवारी १४ ला भिजव, बुधवारी वाट, गुरुवारी सकाळी चीक तयार. तो थोड्या पाण्यात फ्रिजमधे दोन तीन दिवस राहतो, वरचं पाणी मात्र बदलत रहा नाहीतर आंबूस वास मारतो. रविवारी २१ ला शिजव.

अर्धा किलो गहू, चार नारळांचं घट्ट दूध, साखर पाऊण किलो (आई एक किलो घालायची, आता कुणाला झेपत नाही), मीठ चिमूटभर. सगळं गार असतानाच एकत्र कर, गाठी राहिल्या नाहीत ना बघ आणि मगच गॅस लाव. जाड बुडाचं पातेलं. आणि मग ढवळत रहा, दीड तास धर. थांबलीस की लागलं. मधे एकदा वाटेल की हे काही जमणार नाही, पिठल्यासारखं दिसतं, तेव्हा घाबरू नकोस. कडा सुटून नारळाचं तेल वर आलं की झालं. वेलची जायफळ, ताटात ओत, वरून बदाम पिस्ते.

तूप अजिबात नको. जेवणात मटण असणार, त्यावर दुधातुपाचं चालत नाही, म्हणून तर आपलं सगळं नारळाच्या दुधात.

मीराबाईची_माडी | ९ सप्टेंबर

अय्या हा तर बॉम्बे हलव्याचा कोकणातला भाऊ दिसतोय.

दिमोनावाली | ९ सप्टेंबर

भाऊ नाही, थोरली बहीण.

पुणेरी_शनवार | १० सप्टेंबर

थोडं अवांतर. वर कुणीतरी नावांचं विचारलं म्हणून. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष नि सात बायका वाचल्या अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, अलिबागजवळ नवगावला ते कब्रस्तान आहे. तेल काढायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. मग दावीद राहाबी म्हणून एक जण आले, त्यांना शंका की हे खरंच यहुदी आहेत का, तर त्यांनी बायकांना मिसळीची मासळी दिली म्हणे आणि बायकांनी खवले नि पर असलेली तेवढी बाजूला काढली. परीक्षा पास. तर ठाणेकरीण, नव्याच्या सणाला मासळी बाजारात जाशील तेव्हा ही गोष्ट आठव. कोलंबी तिसऱ्या मुशी सोडून रावस घे आणि डोकं वेगळं मागून घे. ताटात डोकं लागतं, वर्षभर आपण डोकं व्हावं शेपूट होऊ नये म्हणून.

आमच्याकडे ताटात सफरचंद मध, खजूर, डाळिंब, चवळी, भोपळा, कांद्याची पात आणि पालक एवढं असतं, प्रत्येकाची बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) वेगळी. डाळिंब आधी सोलून ठेव, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ऐनवेळी सोलायला बसलीस तर रडशील.

कोळीवाड्यातला | १० सप्टेंबर

रावस सध्या महाग आहे हे सांगून ठेवतो. डोकं पाहिजे तर आदल्या दिवशी सांगून ठेवा नाहीतर ती डोकी हॉटेलवाले उचलतात.

ठाणेकरीण | १४ सप्टेंबर

अपडेट. मी रडतेय आणि हसतेय दोन्ही.

रंगारी शुक्रवारी आला, चांगला माणूस, काम पण स्वच्छ. काका तुम्ही मेझुझा काढायला सांगितलं होतं, मी हॉलची काढली, मुलांच्या खोलीची काढली, मग बाईचा फोन आला आणि मुख्य दाराची राहिली. आणि त्या भल्या माणसाने चौकटीसकट तिला पण ऑइलपेंट मारला!! दोन हात!! वर मला सांगतोय, ताई ती पट्टी पण एकदम मॅच करून दिली.

आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेला मजकूर असतो, रंग आत गेला असेल का? नवऱ्याने चेहरा असा केलाय की जणू मीच ब्रश धरला होता.

आणि हो, गहू आज सकाळी भिजवलेत.

चौलचा_काका | १४ सप्टेंबर

हाहाहा. माफ करा पण मॅच करून दिली हे भारी आहे.

घाबरू नका. सुरीने कडेकडेने रंग कापा आणि अलगद काढा, ओढू नका. डबी प्लास्टिकची असेल तर थिनर लावू नका, वितळेल. आतली गुंडाळी तुम्ही उघडत बसू नका, सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानसाहेबांना नेऊन दाखवा, ते अक्षर न् अक्षर बघतील. एक अक्षर तुटलं असलं तरी चालत नाही. तशी पण सात वर्षांत दोनदा तपासायची असते, आणि नव्याच्या सणाआधीचा एलूल महिना चालू आहे, तपासायची वेळच आहे. तुमच्या लग्नानंतर कधी तपासली होती का?

ठाणेकरीण | १४ सप्टेंबर

... नाही.

चौलचा_काका | १४ सप्टेंबर

मग रंगाऱ्याला चहा पाजा.

अश्दोद_ते_अंधेरी | १५ सप्टेंबर

इकडची साफसफाई पण वाचा. इथे प्रत्येक नव्या घरात एक काँक्रीटची सेफ रूम असते, मामाद म्हणतात, आणि एरवी ती सगळ्यांची अडगळीची खोली. जूनमधे इराणचे मिसाइल आले तेव्हा एका रात्रीत रिकामी केली, सायकली, गाद्या, जुनं लोणच्याचं बरणं सगळं बाहेर. तीन महिन्यांत परत भरली. सणाच्या आधी सासरे म्हणाले आधी ती आवरा मग भिंती पुसा. खरंय पण कंटाळा येतो.

बाकी इथे दरफाळणीला अख्ख्या देशात गाड्या बंद, पोरं हायवेवर सायकली चालवतात. आई म्हणते ठाण्याला टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीतून वाट काढत सिनेगॉगला जायचो, त्यातच मजा होती. मला पटत नाही पण तिचं तिच्यापाशी.

ठाणेकरीण | १५ सप्टेंबर

टेंभी नाक्याचं अगदी अगदी! आमचं शार हशामाईम सिनेगॉग तिथंच, १८७९ चं, आणि यंदा घटस्थापना नि नव्याचा सण एकाच दिवशी. रिक्षा आत सोडत नाहीत, पांढऱ्या साड्या नेसून आम्ही चालत, बाजूने नवरात्रीच्या बायका त्या दिवसाच्या रंगाच्या साड्यांत. गेल्या खेपेला एकीने विचारलं होतं, आज पांढरा आहे का हो? 😄

नवऱ्यासोबत पांढरी साडी नेसून निघाले की लिफ्टमधल्या आजी अजूनही दचकतात. आता काय सांगणार दरवेळी.

मीराबाईची_माडी | १५ सप्टेंबर

दसरा, घटस्थापना, कोजागरी सगळं जुळतंय का दरवर्षी? ६ ऑक्टोबरला कोजागरी आहे आणि तुम्ही सुक्कोत पण ६ लिहिलंय.

पुणेरी_शनवार | १५ सप्टेंबर

जुळतं कारण दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि सूर्याशी मेळ ठेवायला अधिक महिना घालतात. आमचा तिश्री महिना नव्याच्या सणाला, अमावास्येनंतर लागतो, घटस्थापना पण अमावास्येनंतर. दरफाळणी दहाव्या दिवशी, दसरा पण दहावा. सुक्कोत पंधराव्याला म्हणजे पौर्णिमेला. पण दरवर्षी नाही जुळत. आमच्यात १९ वर्षांत ७ अधिक महिने ठरलेले आणि ते नेहमी अदार महिन्यातच, मार्चच्या आसपास. आपल्या पंचांगात अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांत येतो. पुढच्या वर्षी २०२६ मधे अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, आणि नव्याचा सण ११ च्या संध्याकाळी. म्हणजे पुढच्या वर्षी ठाणेकरणीला पितृपक्षाचा स्वस्त रंगारी मिळायचा नाही, गणपतीच्या गर्दीतच पकडावा लागेल.

आणि पुढच्या वर्षी पहिला दिवस शनिवार आहे, शुक्रवारी दिवे लावायच्या आधी सगळा स्वयंपाक झाला पाहिजे, आताच लिहून ठेवा. यंदा मंगळ बुध आहे म्हणून सणाच्या दिवशी पण शिजवता येतं, फक्त आग नव्याने पेटवायची नाही. आमच्याकडे एक बर्नर बारीक करून दोन दिवस चालू ठेवायचो, आता त्यापेक्षा एक मोठी समई किंवा मेणबत्ती ठेवतात आणि तिच्यावरून पेटवतात. इंडक्शनवाल्यांनी आपापलं बघा.

दिमोनावाली | १७ सप्टेंबर

ठाणेकरीण गहू वाटलेस का आज?

ठाणेकरीण | १७ सप्टेंबर

वाटले. मिक्सरचं भांडं दोनदा गरम होऊन बंद पडलं. घरात सगळीकडे आंबट गव्हाचा वास आहे, मुलगा म्हणतोय आई गायीचं खाद्य करतेय. पिळून पिळून हात दुखतायत. सासूबाईंना फोटो पाठवला तर त्यांचा व्हॉइस मेसेज, "चोथा टाकू नको, परत एकदा पाणी घालून पीळ, त्यात अजून आहे." तिथे बसून पण फोटोत कळलं त्यांना.

दिमोनावाली | १७ सप्टेंबर

बरोबर सांगितलं. तीनदा पिळायचं.

फोंड्याची_लेक | १८ सप्टेंबर

सुक्कोतचं कुणी लिहिलंच नाही. मी गोव्याची आहे, मुंबईत एका सिनेगॉगच्या आवारात सुक्का (सुक्कोतचा मांडव) पाहिला होता, वर झावळ्या आणि खाली फळं टांगलेली, मला एकदम आमची चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती माटोळी आठवली. नारळ, सुपारीची कात्रं, तोरिंगण सगळं तसंच लोंबकळतं. घरी पण करता का?

ठाणेकरीण | १८ सप्टेंबर

गावी करायचे अंगणात. इथे आमची बाल्कनी आहे पण वर स्लॅब आहे, म्हणजे चालत नाही, वर आकाशच हवं आणि छप्पर झाडपाल्याचं, सावली जास्त ऊन कमी, पण चांदण्या दिसल्या पाहिजेत. गच्चीवर करावा म्हणून गेल्या वर्षी सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले गणपती गेले, आता कसला मांडव? मग अख्खी गोष्ट सांगितली, चाळीस वर्षं रानात झोपड्यांत राहिले वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पत्र्याचा का नाही करत, पावसाचं काय? 🤦‍♀️ पण परवानगी दिली. झावळ्या त्यांनीच गावाहून आणल्या. त्यांचाच भुगा माळ्यावर आहे.

पुणेरी_शनवार | १८ सप्टेंबर

पावसाचं त्यांनी बरोबर विचारलं, पत्र्याचं चूक. जोराचा पाऊस आला तर सरळ घरात येऊन जेवायचं, बसून भिजण्यात पुण्य नाही.

पुण्यात आमच्या रास्ता पेठेतल्या सिनेगॉगचं नावच सुक्कथ शेलोमो, १९२१ चं. बाहेरगावच्या पाहुण्याने रिक्षावाल्याला सिनेगॉग सांगितलं की तो लाल देवळाला नेऊन सोडतो, ते डेव्हिड ससूनचं, बगदादी यहुद्यांचं, १८६७ चं. दोन्हीकडे सुक्का असायचा म्हणून चुकलेला पाहुणा उपाशी राहायचा नाही एवढं बरं.

सुक्कोतला लागणाऱ्या एत्रोग फळाला मराठीत महाळुंग म्हणतात हे माझ्या नातवाला गेल्या वर्षी कळलं, त्याला वाटत होतं ते फक्त इस्राएलात उगवतं.

ठाणेकरीण | २१ सप्टेंबर, रात्री

हलवा झाला. एक तास चाळीस मिनिटं. दिमोनावाली तू म्हणालीस ना मधे पिठल्यासारखा दिसेल, तिथे मी गॅस बंद करणार होते, तुझं वाक्य आठवलं म्हणून वाचला. नवऱ्याने पंधरा मिनिटं ढवळला आणि फोटो मात्र त्याचाच सगळीकडे गेलाय.

मेझुझा पण तपासून आली. मजकूर ठीक आहे! मुलांच्या खोलीतल्या मेझुझेत मात्र ओल गेलेली निघाली, दोन अक्षरं फुटली होती, ती नवीन आणावी लागली. म्हणजे रंगाऱ्याने घोळ घातला नसता तर कळलंच नसतं.

सगळ्यांना शाना तोवा, नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

चौलचा_काका | २१ सप्टेंबर

शाना तोवा. चहा पाजलात ना?

ठाणेकरीण | २१ सप्टेंबर

पाजला. हलवा पण दिला.

मीराबाईची_माडी | २८ सप्टेंबर

दसऱ्याचं काय ठरलं शेवटी? मला तेच ऐकायचंय.

चौलचा_काका | २८ सप्टेंबर

आधी जाऊन सांगून या, एवढंच. आमच्या गावात सगळ्यांना माहीत असायचं, त्या दिवशी तेल्याच्या दारात जायचं नाही, शिळ्या सणाला जायचं, त्या दिवशी ते स्वतःच येतात आणि गोरगरिबाला देतात पण. आता बिल्डिंगीत कुणाला कुणाचं माहीत नसतं म्हणून सांगावं लागतं.

आणि दिव्याचं विसरू नका. काचेच्या पेल्यात खाली पाणी वर खोबरेल, वात बुचावर. पंचवीस तास पुरेल एवढं तेल घाला. दरफाळणी सुटल्यावर हब्दालाला (सण संपताना करायच्या विधीला) आधीपासून जळत असलेलीच ज्योत लागते, नवीन काडी ओढून चालत नाही. आमच्याकडे एकदा मांजराने पेला पाडला होता, मग शेजारच्या गल्लीतून ज्योत आणली, वाटेत दोनदा विझली.

दिमोनावाली | २९ सप्टेंबर

काळे मनुके उपास लागायच्या आधीच भिजत घाल हं, दुसऱ्या दिवशी रात्री कुस्करून गाळलं की शरबत. उपास त्यावरच सोडायचा, आधी चहा घेतलास तर पोटात खड्डा पडतो. आणि उद्यापासूनच चहा कमी कर, दुपारची डोकेदुखी उपासाची नसते, चहाची असते. १ तारखेच्या जेवणात खारट तिखट काही नको. पुऱ्या (करंज्या म्हणतात बाहेरचे) आधी तळून डब्यात ठेव.

ठाणेकरीण | ३ ऑक्टोबर

शिळा सण मुबारक मंडळी. सगळं नीट झालं, सविस्तर लिहिते.

३० तारखेला तिन्ही घरी जाऊन सांगून आले. दोघींना कळलं. तिसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या अगो म्हणजे तुमची पण एकादशीच की, कडक. मी म्हटलं हो, निर्जळी. मग त्यांनीच बाकीच्यांना समजावलं, माझ्यापेक्षा बरं.

१ तारखेला साडेपाचला अंघोळी, पावणेसहाला जेवण उरकलं (उशीर झाला, भात गरम गरम गिळला), दिवा लावला, सिनेगॉगला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत तिथेच. खालून ढोल आणि वर आमची तेफिला (प्रार्थना), नेइलाच्या म्हणजे शेवटच्या प्रार्थनेच्या वेळेला कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, शोफार (मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा) आणि माळ एकदमच वाजली. हज्जानसाहेब थांबले नाहीत.

रात्री घरी आलो तर दाराच्या फटीतून आपट्याची पानं आत सरकवलेली, एक दोन नाही, चांगली ओंजळभर, आणि पायपुसण्यावर झेंडूच्या पाकळ्या. नव्या पॉलिश केलेल्या फरशीवर पिवळे डाग पडलेत, ते काही केल्या निघत नाहीयेत, कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा. आधी ज्योत बघितली, होती. हब्दाला केली, शरबत घेतलं, मग पानं उचलली.

आज सकाळी तिन्ही घरी पानं घेऊन गेले, सोबत पुऱ्या आणि उरलेला हलवा. हलवा फ्रिजमधे दहा दिवस राहून कडक झाला होता, वड्या एकमेकींना चिकटलेल्या, आजी म्हणाल्या दातांना झेपत नाही गो, पण दुसरी वडी मागून घेतली.

मीराबाईची_माडी | ३ ऑक्टोबर

झेंडूच्या डागावर लिंबू आणि मीठ, पण संगमरवर असेल तर लिंबू लावू नका.

ठाणेकरीण | ३ ऑक्टोबर

संगमरवरच आहे 😩

दिमोनावाली | ३ ऑक्टोबर

मग खायचा सोडा पाण्यात कालवून रात्रभर. आणि पुढच्या वेळी हलव्याच्या वड्यांमधे बटर पेपर घाल. सोमवारी सुक्कोत आहे, झावळ्या आणल्यास का?